पिवळे मोजे, पांढरे मोजे

बँकेत तिला सगळे सहीताई म्हणायचे. चेकवरची सही आणि बँकेत ठेवलेली सही शेजारीशेजारी धरायची आणि जुळते की नाही ते सांगायचं, हे तिचं अकरा वर्षांचं काम. कुणी घाईघाईत शेवटची शेपटी जरा आखूड ओढली तरी तिच्या नजरेतून सुटायची नाही. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. म्हणजे या घराचं पोट एकूण नजरेवरच चालायचं. आणि अशा घरात दोन मुली जन्माला आल्या, अकरा मिनिटांच्या अंतराने, आणि सहीताईला आपल्याच पोरी वेगळ्या ओळखता येईनात.

आता हे सांगायचं कुणाला? बघायला येणारा प्रत्येक जण पाळण्यात वाकून तेच विचारायचा, "अगं बाई, कुठली कोण कसं कळतं गं तुला?" आणि ती तोंड उघडायच्या आत सासूबाई उत्तर द्यायच्या, "आईला कळतं हो! ते काय शिकवावं लागतं?" सासूबाई छत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या वर्गात म्हणे जुळ्यांच्या तीन जोड्या होऊन गेल्या आणि त्यांनी एकदाही चुकीच्या पोराला कोपऱ्यात उभं केलं नाही. असं ऐकल्यावर सहीताई काय बोलणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. ती नुसती हसायची, आणि पाहुण्यांना ते हसणं फार मायेचं वाटायचं.

मूठ झाकलेली राहिली ती मोज्यांमुळे. मुली आठ दिवसांच्या असताना सासूबाईंनी लोकरीचे चिमुकले मोजे विणायला घेतले. थोरलीला पिवळे, धाकटीला पांढरे, प्रत्येकीला चार-चार जोड. "दिसायला बरे दिसतात," एवढंच त्या म्हणाल्या. सहीताईला मात्र बुडत्याला काडीचा आधार मिळाल्यासारखं झालं. पिवळे दिसले की ती ठसक्यात म्हणायची, "चल गं थोरले," आणि पांढरे दिसले की, "ये गं माझी धाकटी." मनात मात्र एक काटा सलत असायचा. अनोळखी माणसाची सही ओळखते मी, आणि नऊ महिने पोटात वाढवलेली पोर मला मोज्यांवरून ओळखावी लागते. मी कसली आई?

मुली सहा आठवड्यांच्या झाल्या त्या मंगळवारी सगळी वरात लसीकरण केंद्रावर निघाली. दवाखान्याच्या तळमजल्यावरची लांबट खोली, भिंतीला टेकून बाकं, बाकांवर आया आणि कोपऱ्यात वजनाचा काटा. तिथल्या सिस्टरना सगळं वेळापत्रक तोंडपाठ. जन्मल्यावर काय, सहा आठवड्यांनी काय, दहा, चौदा, मग नवव्या महिन्यात काय. कार्ड हातात घेतलं की त्या गाडीच्या कंडक्टरसारख्या पुढचे थांबे सांगून मोकळ्या व्हायच्या.

पण त्या दिवशी त्यांनी बर्फाच्या पेटीत हात घातला आणि चेहरा वाकडा केला. "एका लशीचा एकच डोस उरलाय. नवीन पेटी शुक्रवारी येणार. एकीला आज सगळं देते. दुसरीचं शुक्रवारी एकदमच उरकू, उगाच दोनदा कशाला रडवायचं पोरीला?"

"मग थोरलीला द्या," सासूबाई म्हणाल्या. "मान तिचा पहिला."

थोरलीच्या तोंडात थेंब पडले, दोन्ही मांड्यांत सुया गेल्या, आणि तिने अशी काही किंकाळी फोडली की शेजारच्या बाकावरचं शांत बाळही सुरात सूर मिसळून रडायला लागलं. सिस्टरनी कार्डावर तारीख घातली आणि नेहमीचं पाठ केलेलं सांगितलं, "आज-उद्या ताप येईल, घाबरायचं नाही. या औषधाचे थेंब वजनाप्रमाणे लिहून देते. मांडीला वाटाण्याएवढी गाठ येईल, चोळायची नाही, शेकायची नाही. दूध ओढत नसेल किंवा फारच मलूल वाटली तर मात्र लगेच घेऊन यायचं."

सांगितलं तसंच झालं. संध्याकाळी थोरलीला ताप आला, थेंब दिले, सकाळपर्यंत उतरला. उठल्या उठल्या तिने पोट तट्ट फुगेपर्यंत दूध ओढलं. "बघ, झाली खडखडीत," सासूबाई म्हणाल्या. इथवर सगळं ठीक होतं.

घोटाळा झाला बुधवारी अंघोळीनंतर. दोघींना न्हाऊ घालून सहीताईने पलंगावर दोन पंच्यांत गुंडाळून ठेवलं होतं. थोरली भिंतीकडे, धाकटी कडेला. मोजे उशाशी. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. ती धावली, गॅस बंद केला, ओटा पुसला आणि परत आली तर सासूबाई पलंगावरची ओली चादर बदलत होत्या आणि दोन्ही मुली खुर्चीतल्या मोठ्या उशीवर शेजारीशेजारी पहुडल्या होत्या.

"घे, घाल त्यांना कपडे," असं म्हणून सासूबाई ओली चादर घेऊन निघून गेल्या.

सहीताई दोन चेहऱ्यांकडे बघत उभी राहिली. चार डोळे तिच्याकडे बघत होते. नाक तेच, भुवया त्याच, हनुवटीवरची खळीसुद्धा तीच. एका वाक्याचं काम होतं. "आई, कुठली कुठे ठेवलीत?" असं हाक मारून विचारायचं, की झालं. पण ते विचारायचं म्हणजे सव्वा लाखाची मूठ उघडायची. तिने पाच-सहा क्षण विचार केला, मग डावीकडच्या बाळाच्या पायात पिवळे मोजे चढवले आणि उजवीकडच्या बाळाच्या पायात पांढरे. चुकलं तरी काय बिघडलं, दोघी माझ्याच तर आहेत, असं तिने स्वतःला समजावलं. आणि खरंच, एरवी काही बिघडलं नसतं.

दुपारी तीनच्या सुमारास पिवळ्या मोज्यांचं बाळ तापलं. थर्मामीटरने एकशे एकच्या वर आकडा दाखवला.

"लसीचाच आहे," सासूबाई म्हणाल्या. "कालचा परत उसळला. दोन दिवस राहतो म्हणाल्याच होत्या ना सिस्टर."

नवरा दुकानातून जेवायला आला होता, त्याने खात्री करायला केंद्रावर फोन लावला. सिस्टर पलीकडून म्हणाल्या, "कालच सुया झाल्यात ना? मग येतो ताप. दूध पिते ना नीट?"

"सकाळी पोटभर प्यायली हो!" सासूबाई बाजूने ओरडल्या.

"मग थेंब द्या आणि उद्या सकाळपर्यंत वाट बघा."

फोन ठेवल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सहीताईचा सोडून. तिने बाळाला छातीशी घेतलं. बाळाने दोनदा ओठ हलवले आणि सोडून दिलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मान हाताच्या घडीत नुसती पडून राहिली. सकाळी पोटभर दूध ओढणारी ती हीच का?

लंगोट बदलायच्या निमित्ताने तिने बाळाला आतल्या खोलीत नेलं. दोन बोटांनी मांडी हळूच चाचपली. आधी डावी, मग उजवी. दोन्ही लोण्यासारख्या मऊ. गाठ नाही, काही नाही. मग ती तिथल्या पाळण्यातल्या पांढऱ्या मोज्यांच्या बाळाकडे वळली. डाव्या मांडीवर बोट ठेवताच त्या बाळाने कळवळून पाय आखडला, आणि बोटाखाली टणक, गोल, वाटाण्याएवढी गाठ लागली.

तिला सगळं लख्ख दिसलं. सुया खाल्लेली थोरली पांढऱ्या मोज्यांत छान खेळत होती. पिवळ्या मोज्यांत होती ती धाकटी, जिला लस दिलीच नव्हती. मग हिला ताप कशाचा?

बाहेर नवरा चपला घालत होता. सासूबाई चहाला आधण ठेवत होत्या. आपण तोंड उघडलं नाही तर हे घर उद्या सकाळपर्यंत शांतपणे वाट बघणार, हे तिला कळत होतं. बाळाला छातीशी घट्ट धरून ती बाहेर आली.

"ही थोरली नाहीये."

"म्हणजे?" नवरा चपलेत अर्धा पाय घालून थांबला.

"मोजे चुकले. सकाळी मी अंदाजाने घातले." तिचा आवाज फाटला. "मला त्या ओळखता येत नाहीत. कधीच येत नव्हत्या. ही धाकटी आहे, हिला लस झालेली नाही आणि ही दूध ओढत नाहीये. मला काय बोलायचं ते नंतर बोला, आधी दवाखान्यात चला!"

सासूबाईंचा हात गॅसच्या बटणावर होता. त्यांनी तो तिथेच फिरवून आच बंद केली. रागावल्या नाहीत, कपाळाला हात लावला नाही, "अगं पण" सुद्धा म्हणाल्या नाहीत. "तू टॅक्सी बोलाव," त्या मुलाला म्हणाल्या. "थोरलीला मी सांभाळते. कार्डं दोन्ही घे गं, आणि पंचे."

मुलांच्या दवाखान्यातला डॉक्टर वयाने कोवळा होता. खिशात कार्टूनचं पेन आणि डोळ्यांत झोपेचा दुष्काळ. स्टेथोस्कोप बाळाला लावायच्या आधी त्याने तो तळहातावर घासून ऊबदार केला, आणि तेवढ्यावरूनच सहीताईचा त्याच्यावर विश्वास बसला.

"लस कधी झाली?" त्याने विचारलं.

"हिच्या बहिणीला काल. हिला नाही. मांडीला गाठ नाहीये, बघा तुम्ही."

त्याने मांड्या बघितल्या. मग टाळू, कान, घसा, छाती, पोट. कुठे काही सापडेना. "एवढ्याशा बाळाला कुठे दुखतंय ते सांगता येत नाही," तो म्हणाला. "मोठ्यांना खोकला तरी येतो. यांना नुसता ताप येतो आणि दूध सुटतं. त्यामुळे आम्हाला रक्त आणि लघवी तपासावी लागते. लागलंच तर पाठीतलं पाणीसुद्धा. इथे सही करा."

तिने सही केली. तशी सही चेकवर आली असती तर तिने दुसऱ्यांदा न बघता परत पाठवली असती.

हातातून रक्त काढताना धाकटी रडलीच नाही. सुई आत गेली तेव्हा नुसती भुवई किंचित हलली, घशातून मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज आला, आणि संपलं. नवरा म्हणाला, "शहाणी आहे गं आपली." डॉक्टरचे हात मात्र एकदम भरभर चालायला लागले. ते बघून सहीताईला कालची थोरलीची किंकाळी आठवली. रड की गं बाई, ती मनातल्या मनात विनवत होती. दवाखाना डोक्यावर घे, पण रड.

दिवेलागणीच्या वेळेला डॉक्टर कागद घेऊन आला. "लघवीत जंतू झालेत. पूसुद्धा आहे. शिरेतून औषध सुरू केलंय. रक्तात उतरायच्या आत सापडलं, असं दिसतंय." त्याने कागद तिच्या हातात दिला. "काल लस झालीय म्हटलं की सगळेच जरा सैल होतात. आम्हीसुद्धा. मांडी तपासायचं सुचलं कसं तुम्हाला?"

"मला माझ्या मुली ओळखता येत नाहीत म्हणून," ती म्हणाली, आणि इतक्या तासांनी पहिल्यांदा रडली.

दवाखान्यात दहा दिवस काढावे लागले. पहिले दोन दिवस तिने फक्त नळीतून पडणारे थेंब मोजले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि धाकटीने पहिल्यांदा दूध असं ओढलं की सहीताई वेदनेने आणि आनंदाने एकदमच ओरडली. त्यानंतर दिवसभर दुसरं काम नसल्याने ती लेकीकडे बघत बसायची. पोरींना एकमेकींशी ताडून बघायचा नाद सुटला होता, समोर एकच तर होती. दोन शेजारीशेजारी ठेवून फरक शोधायचा, ही बँकेतली सवय. इथे जुळवायला दुसरी सहीच नव्हती. तेव्हा कुठे तिला दिसलं की ही बया रडायच्या आधी श्वास रोखते, डावी भुवई वर चढवते, जणू काय ओरडावं याचा विचार करते, आणि मगच तोंड उघडते.

चौथ्या दिवशी सासूबाई आल्या. थोरलीला घरी बापापाशी ठेवून आल्या होत्या. खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या, पिशवीतून विणकाम काढलं, दोन टाके घातले आणि सुया पुन्हा मांडीवर ठेवल्या.

"आई, तुम्ही काही बोलला नाहीत अजून," सहीताईनेच विषय काढला. "रागवा की एकदाच."

"रागवू कुणावर?" सासूबाई लोकरीच्या गुंड्याकडे बघत म्हणाल्या. "माझ्या वर्गातली ती जुळी सांगते ना मी? पहिल्याच दिवशी एकाला खिडकीशी बसवायचे, दुसऱ्याला दाराशी. वर्षभर जागा बदलू द्यायचे नाही. मी बाकं ओळखायचे गं, पोरं नाही. एकदा दोघांनी गंमत म्हणून जागा बदलल्या, तर दिवसभर मला पत्ता नव्हता."

सहीताई खाटेवरून त्यांच्याकडे सरकली.

"आणि हे मोजे काय मी हौसेने विणले? आठव्या दिवशीच दिसलं मला. दुपट्यात गुंडाळलेली पोर हातात घेऊन तू दहा-दहा मिनिटं बघत राहायचीस, आणि नावाने हाक मारायची नाहीस. म्हटलं, बिचारी लाजतेय, आपण मोजे करून द्यावेत, बोलायला नको. वर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, आईला कळतं म्हणून. तुला झाकायला गेले आणि तुझं तोंडच शिवून टाकलं." त्यांचा आवाज कापरा झाला. "तेव्हाच म्हटलं असतं, की मलाही कळत नाही गं, तर बुधवारी तू मला नुसती हाक मारली असतीस."

सहीताईने त्यांचा हात हातात घेतला. सुरकुतलेला, लोकरीने खरखरीत झालेला हात. मग सासूबाई नाक ओढून म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला तर अजून बायको आणि बहीण मागून ओळखू येत नाही, आणि लोकांना चष्मे विकतो!" त्यावर दोघी इतक्या हसल्या की नर्स बघायला आली.

घरी आल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा लसीकरण केंद्राची फेरी झाली. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. थोरलीचा दहाव्या आठवड्याचा डोस आणि धाकटीची राहिलेली सहा आठवड्यांची लस, दोन्ही एकाच दिवशी. म्हणजे चूक करायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. मोजे आता दोघींना तोकडे झाले होते, त्यामुळे चारही पाय उघडेच होते. बाकं आयांनी भरलेली. एक मुलगी सासूबाईंच्या हातांत, एक सहीताईच्या.

सिस्टरनी दोन्ही कार्डं पुढे घेतली. "हं. यातली धाकटी कुठली?"

सहीताईने आपल्या हातांतल्या बाळाकडे पाहिलं. "ही," ती म्हणाली. तिला खात्री होती, अगदी नव्वद-पंच्याण्णव टक्के. "थांबा हं, एकदा बघून सांगते."

तिने बाळाची मूठ उलटी केली. मनगटाजवळ, जिथे दहा दिवस सुई होती, तिथे अजून एक फिकट तपकिरी ठिपका होता. मग सासूबाईंच्या हातांतल्या बाळाची मूठही उघडून बघितली. स्वच्छ. "हो. हीच धाकटी."

बाकावरची एक बाई शेजारणीला कोपर मारत म्हणाली, "अगं बाई, आईलाच कळत नाही होय?"

सासूबाईंनी मान वळवली. छत्तीस वर्षं वर्ग गप्प करणारी ती मान होती. "कळतं," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे विचारून घ्यायची पद्धत आहे."

सिस्टरनी मांडी पुसली. सुई आत गेली. धाकटीने श्वास रोखला. डावी भुवई वर चढली. सहीताई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. एक, दोन, तीन.

आणि मग धाकटीने जो टाहो फोडला, त्याने बाकावरच्या आया दचकल्या, काट्यावरचं बाळ रडायला लागलं, सिस्टरनी कानावर हात ठेवला. "काय गं आवाज हिचा!"

"रडू दे," सहीताई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "अजून रड, बाई. मागचंही राहिलंय तुझं."